अंदाजपत्रक वाचायचं तर जमेपासून वाचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात गफलत असेल तर लगेच कळेल. तुम्ही वाघोलीत राहता. गाव 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलं. सोसायटीसमोरच्या रस्त्यासाठी सलग तीन वर्षं अंदाजपत्रकात तरतूद दिसते, रस्ता मात्र आहे तसाच आहे. त्यात कुणीतरी तुम्हाला सांगितलं, की महाराष्ट्र दिल्लीला रुपया पाठवतो आणि परत येतात ते काही पैसे. म्हणून तुम्ही विचारलंत: ही सरकारी अंदाजपत्रकं खरी असतात का? आणि पैसा नेमका अडतो कुठे, दिल्लीत, मंत्रालयात की शिवाजीनगरला महापालिका भवनात?

मी वित्त व लेखा सेवेत एकतीस वर्षं काढली. कोषागार, जिल्हा परिषद, काही काळ मंत्रालय आणि प्रतिनियुक्तीवर एक महापालिका. कुठली ते सांगत नाही. आता निवृत्त होऊन कर्वेनगरात राहतो, त्यामुळे रस्त्यांबद्दलची तुमची चिडचिड मला नवी नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. तुमचा रस्ता कशामुळे रखडलाय हे इथे बसून मला सांगता येणार नाही. जागा ताब्यात नसेल तर पैसे असूनही रस्ता होत नाही, आणि समाविष्ट गावांमध्ये हे फार वेळा घडतं. निवडणुकीचं वर्ष, अधिकाऱ्याची बदली, ठेकेदाराची जुनी थकलेली बिलं, काहीही असू शकतं. पण पैशाची वाट कशी असते आणि आकडा कुठे फुगतो, एवढं नक्की सांगू शकतो.

तरतूद म्हणजे पैसा नव्हे. ती खर्च करायची परवानगी आहे. घरात लग्न निघालं की आपण वहीत हॉल, केटरर, दागिने, आहेर असं लिहीत जातो. यादी पूर्ण झाली म्हणून बँकेतली शिल्लक वाढत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते ती ही यादी: कुठल्या पुलाला किती, कुठल्या उद्यानाला किती. जमेच्या बाजूची पानं फारसं कुणी उघडत नाही, आणि खरी गंमत तिथेच असते.

त्या महापालिकेतली एक रात्र सांगतो. अंदाजपत्रक सादर व्हायला दोन दिवस उरले होते. खात्यांच्या मागण्या, मागील दायित्व म्हणजे आधीच कार्यादेश दिलेल्या कामांची देणी, वर नगरसेवकांच्या याद्या. सगळं धरून खर्च जमेच्या पुष्कळ वर गेला होता. तरतूद कापावी म्हटलं तर प्रत्येक ओळीमागे एक फोन. अकराच्या सुमारास चहा आला आणि वरिष्ठ म्हणाले, "बांधकाम परवानगीच्या शुल्कात बसवा."

"किती बसवू, साहेब?"

"लागेल तेवढं."

मी एक्सेलच्या त्या एका खान्यातला आकडा बदलला आणि खालची बेरीज जुळली. चहा अजून गरम होता.

यात कुणी पैसे खाल्ले नव्हते, हे लक्षात घ्या. कारण साधं आहे. राज्य सरकार तूट दाखवून कर्ज काढू शकतं. महापालिकेला तुटीचं अंदाजपत्रक मांडता येत नाही, ते शिलकीचंच लागतं. म्हणजे तूट असतेच, फक्त ती जमेच्या फुगवट्यात दडवली जाते. मग वर्षाच्या मध्यावर जमा कमी पडायला लागते आणि एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवायचे प्रस्ताव सुरू होतात. महापालिकेच्या भाषेत याला वर्गीकरण म्हणतात. ज्या कामामागे जोर कमी, त्याची तरतूद आधी पळते. समाविष्ट गावातला आतला रस्ता हे त्याचं हुकमी गिऱ्हाईक.

पुण्याचंच बघा. 2023-24 चं अंदाजपत्रक 9,515 कोटींचं होतं, 2025-26 चं 12,618 कोटींचं. दोन वर्षांत जवळपास एक तृतीयांश वाढ. आता जमेच्या ओळी एकेक करून तपासा. जीएसटीचं अनुदान, म्हणजे गेलेल्या स्थानिक करांच्या बदल्यात राज्य देतं ती भरपाई, कायद्यानंच वर्षाला 8 टक्के वाढतं, म्हणजे दोन वर्षांत साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. मिळकतकर चांगली वसुली झाली तर वाढतो, पण थकबाकीत मोबाइल टॉवरसारखी न्यायालयात अडकलेली रक्कम असते. ती मागणीत दिसते, तिजोरीत येत नाही. बांधकाम शुल्क बाजार तेजीत असेल तर येतं, मंदीत आटतं. राहिली शासकीय अनुदानं. ती दुसऱ्याच्या मर्जीवर. तेव्हा ती एक तृतीयांश वाढ यातली कुठली ओळ उचलणार आहे, हा प्रश्न विचारायचा. उत्तर शेवटच्या दोन ओळींकडे बोट दाखवत असेल, तर तुमच्या रस्त्याची तरतूदही तेवढीच पक्की समजा.

पूर्वी असं नव्हतं. जकात होती तेव्हा नाक्यावर पावती फाटली की संध्याकाळी रोकड महापालिकेच्या खात्यात. जकातीत भ्रष्टाचार होता, ट्रकांच्या रांगा होत्या, मी तिचं गुणगान करणार नाही. पण नळ स्वतःच्या हातात होता. 1 एप्रिल 2013 पासून पुण्यात जकातीऐवजी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतली उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर उरलासुरला गेला आणि त्या बदल्यात राज्याकडून दरमहा भरपाई सुरू झाली. शहराचा सर्वात मोठा नळ मुंबईला बसला. सुदैवानं ही भरपाई कायद्यानं बांधलेली आहे, म्हणून मी तिला भरवशाची ओळ म्हणतो.

सगळंच तसं बांधलेलं नाही. तुम्ही फ्लॅट घेतलात तेव्हा 7 टक्के मुद्रांक शुल्क भरलं असेल. त्यात 5 टक्के राज्याचं, 1 टक्का स्थानिक संस्थेचा आणि 1 टक्का मेट्रो अधिभार. तो स्थानिक संस्थेचा टक्का वाघोलीतून निघून राज्याच्या तिजोरीत जातो आणि मग कधीतरी महापालिकेकडे येतो. "कधीतरी" हा शब्द मी विचार करून वापरलाय. राज्याची स्वतःची ओढाताण असेल तेव्हा असे पैसे आधी थांबतात.

राज्याची ओढाताण का होते? इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो.

राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प 10 मार्च 2025 ला मांडला गेला. महसुली जमा 5,60,964 कोटी, महसुली खर्च 6,06,855 कोटी, म्हणजे 45,891 कोटींची महसुली तूट, कागदावरच मान्य केलेली. 30 जूनला पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा खर्च, आल्या, 57 हजार कोटींच्या वर. आदल्या वर्षी तर 28 जून 2024 ला अर्थसंकल्प आणि पंधरवड्याच्या आत 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या. पुरवणी मागणी म्हणजे वाईटच असं नाही. अतिवृष्टीची मदत, केंद्राच्या योजनेतला आयत्या वेळचा हिस्सा, नुसती पुस्तकी फिरवाफिरव असलेल्या रकमा, हे सगळं त्यात असतं, आणि निव्वळ बोजा ढोबळ आकड्यापेक्षा कमी असतो. पण अकरा दिवसांत एवढा खर्च "अनपेक्षित" कसा निघाला? माझं मत विचाराल तर तो निघालेला नसतो. मूळ अर्थसंकल्पात तूट आटोपशीर दिसावी म्हणून जे बाहेर ठेवलं, ते पुरवणीच्या दारानं आत येतं.

आता खर्च मंजूर, जमा तेवढीच. मग वित्त विभाग काय करतो? निधी वितरणावर हात आखडतो. टाळेबंदीत, 4 मे 2020 च्या शासन निर्णयानं विकासकामांना तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल असं उघडपणे जाहीर केलं होतं. ते अपवादाचं वर्ष होतं, पण रीत नेहमीचीच. तरतूद शंभर, बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, दिसतात साठ, आणि उरलेले मार्चमध्ये आले तर आले.

पुण्याचा या विषयाशी जुना घरोबा आहे म्हणून थोडं विषयांतर. फर्ग्युसनचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले 1902 मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलले, तेव्हा त्यांची तक्रार आपल्या उलट होती. रयत दुष्काळानं पिचलेली असताना सरकार शिल्लक कशी दाखवतं, लोकांची परिस्थिती आणि सरकारची परिस्थिती यांचा काही मेळ आहे का, असा त्यांचा सवाल होता. पुढे पुण्याच्याच धनंजयराव गाडगिळांच्या नावाच्या सूत्रानं 1969 पासून राज्यांना योजनेची मदत वाटली गेली, आणि तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष विजय केळकर हे आपल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. वाटणीचं शास्त्र या गावाला नवं नाही. वाटणी मान्य करणं मात्र कुणालाच सोपं जात नाही.

तर वाटणी. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा घटनेच्या 280 व्या कलमाखाली नेमलेला वित्त आयोग सुचवतो. चौदाव्या आयोगानं 42 टक्के दिला, पंधराव्यानं जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर 41. त्या 41 मध्ये 2021 ते 2026 साठी महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के, बिहारचा 10.058. आधीच्या आयोगात आपला 5.521 होता, म्हणजे तो वाढलाय, हे तुमच्या त्या रुपया-पैशांच्या गणितात कुणी सांगत नाही. पंधराव्या आयोगाच्या निकषांत सर्वात जड होती उत्पन्नातली दरी, 45 टक्के. दरडोई उत्पन्न जितकं खाली, तितका वाटा जास्त. बाकी लोकसंख्या 15, क्षेत्रफळ 15, लोकसंख्या नियंत्रण साडेबारा, वनं आणि पर्यावरण 10 आणि कर गोळा करायची मेहनत अडीच टक्के.

"रुपया देतो आणि पैसे मिळतात" हे वाक्य मला अर्धं पटतं. न पटणारा अर्धा भाग असा. महाराष्ट्रातून गेलेला प्राप्तिकर म्हणजे महाराष्ट्रात झालेलं उत्पन्न नव्हे. बँकेच्या शाखा देशभर, नफा देशभरातून, कर मात्र मुंबईच्या मुख्य कार्यालयाच्या नावावर नोंदला जातो. जीएसटीत तर उलटंच आहे: चाकणला तयार झालेली गाडी पाटण्यात विकली गेली की राज्याच्या वाट्याचा कर बिहारला जातो, कारण तो वापराच्या जागी लागतो. तेव्हा रुपया कुणाचा, हेच आधी ठरत नाही.

शिवाय पुणेकरानं हे वाक्य म्हणताना जरा जपून. हाच हिशेब गडचिरोलीशी मांडला तर आपण दिल्लीला देतो तसाच राज्यालाही देतो आणि कमी परत घेतो. राज्यांतर्गत असमतोल मोजायला नेमलेल्या समितीचे अध्यक्षही केळकरच होते, अहवाल 2013 चा. गडचिरोलीला पैसे जाणं योग्य असेल तर बिहारमधल्या मधुबनीला जाणंही त्याच न्यायानं योग्य आहे. मला दोन्ही योग्य वाटतं.

आता पटणारा अर्धा भाग. 41 टक्के हे सगळ्या करांचे नाहीत. उपकर आणि अधिभार त्या वाटपाच्या हंड्यात पडतच नाहीत, ते पूर्ण केंद्राकडे राहतात. पेट्रोलचं उदाहरण घ्या. मे 2022 च्या कपातीनंतर केंद्राचा कर लिटरला 19 रुपये 90 पैसे उरला. त्यात मूळ उत्पादन शुल्क किती? 1 रुपया 40 पैसे. बाकी सगळं विशेष अतिरिक्त शुल्क आणि उपकर. हंड्यात पडले ते 1 रुपया 40 पैसे. त्याचे 41 टक्के म्हणजे 57 पैसे सगळ्या राज्यांना मिळून, आणि त्यातला महाराष्ट्राचा हिस्सा साडेतीन पैशांच्या आसपास. राज्याचा स्वतःचा व्हॅट वेगळा, तो भरपूर आहे, त्याबद्दल राज्याला बिचारं म्हणायचं कारण नाही. पण वाटपाची टक्केवारी 41 वर ठेवून हंडाच लहान करता येतो, हे या साडेतीन पैशांत स्वच्छ दिसतं. राज्यांची ही तक्रार मी रास्त मानतो.

आणि त्या 41 टक्क्यांचा आकडाही फेब्रुवारीत अंदाजच असतो. 2020-21 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राज्यांना 7.84 लाख कोटी मिळतील असं धरलं होतं. कोविडनं करवसुली कोसळली आणि प्रत्यक्षात मिळाले सुमारे 5.95 लाख कोटी. हे पैसे वर्षात चौदा हप्त्यांत येतात. आधीच्या वर्षी जास्त दिले गेले असतील तर पुढच्या हप्त्यांत वळते होतात. केंद्र-पुरस्कृत योजनांचं अजून वेगळं. तिथे बहुतेक ठिकाणी 60:40, राज्यानं आपले 40 टाकले नाहीत तर केंद्राचा पुढचा हप्ता थांबतो.

आता ही साखळी उलटी वाचा. केंद्र अंदाज करतं. त्या अंदाजावर राज्य आपली जमा धरतं आणि वर आपला अंदाज चढवतं. राज्याच्या अनुदानाच्या भरवशावर महापालिका आपली जमा धरते आणि वर "लागेल तेवढं" चढवते. तुमचा रस्ता या तिसऱ्या मजल्यावरच्या अंदाजावर उभा आहे. दिल्लीत चूक पाच टक्क्यांची झाली तर तिथे कर्ज काढून निभावतं. मुंबईत तीच चूक निधी रोखून निभावते. महापालिकेकडे निभावायला फक्त वर्गीकरण असतं. म्हणून "पैसा कुठे अडला" याचं उत्तर बहुधा एका जागेचं नाव नसतं.

राज्यावर माझा एक राग आहे, तो नोंदवून ठेवतो. दिल्लीकडे वाटा मागताना घटनेचं कलम तोंडपाठ असतं, पण राज्यानं शहरांना आणि गावांना काय द्यायचं हे ठरवणारा राज्य वित्त आयोगही त्याच घटनेत आहे, कलम 243-आय आणि 243-वाय. त्याच्या शिफारशींना केंद्रीय आयोगासारखं वजन कधी आलंच नाही. ज्या राज्यांनी आयोगच नेमला नाही त्यांची स्थानिक संस्थांची अनुदानं मार्च 2024 नंतर थांबवा, असं पंधराव्या आयोगाला सांगावं लागलं, यातच सगळं आलं. केंद्राच्या नावानं ओरडणाऱ्यांचे हात शहरांच्या बाबतीत तितकेच घट्ट असतात.

तुम्ही म्हणाल, मग प्रत्यक्ष खर्चाचा रकाना बघावा, तो तरी खरा असेल. बघाच, पण त्यातही एक खाच आहे. कोषागारात असताना 31 मार्चची रात्र मी पुष्कळदा काढली आहे. संध्याकाळी सातला मंत्रालयातून निधी बीम्सवर पडतो, आठला लिपिक बिलं घेऊन धावत येतात, टोकन लागतं, आम्ही आक्षेप काढतो, ते उभ्या उभ्या पूर्तता करतात. एकदा एक वयस्कर शाखा अभियंता जिन्यावर बसून बिलाच्या गठ्ठ्यावर सह्या करत होते. मी म्हटलं, "काम झालंय का?" ते म्हणाले, "साहेब, पैसे काढून ठेवतो, काम होईल." त्या वर्षीच्या लेख्यात ती रक्कम खर्च म्हणून गेली. नियमानं असं करता येत नाही. पण वैयक्तिक ठेव खात्यात किंवा बँकेत रक्कम वळवून ठेवायची आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, वर्षं दोन वर्षं येतच नाही, हे महालेखापालांच्या अहवालांत नेहमी वाचायला मिळतं.

त्यामुळे माझी वाचायची पद्धत अशी. एकाच वर्षाचे तीन आकडे शोधायचे: अर्थसंकल्पीय अंदाज, पुढच्या वर्षीच्या पुस्तकात येणारा सुधारित अंदाज आणि त्याच्याही पुढच्या पुस्तकातला प्रत्यक्ष. 2023-24 चा प्रत्यक्ष 2025-26 च्या पुस्तकात सापडेल. तिन्हींत जमा कशी घसरत गेली ते बघितलं, की ती संस्था सवयीनं किती फुगवते हे कळतं, आणि यंदाच्या आकड्यातून तेवढं मनातल्या मनात वजा करता येतं. राज्याच्या आणि केंद्राच्या बाबतीत हे काम सोपं आहे, पुस्तकं संकेतस्थळावर असतात. महापालिकेच्या पुस्तकात रकाने शोधावे लागतात, पण मिळतात.

तुमच्या रस्त्यापुरतं बोलायचं तर अंदाजपत्रकातली ती ओळ काढा आणि रक्कम बघा. कामाचं पूर्वगणनपत्रक, म्हणजे एस्टिमेट, कोटींचं आणि तरतूद एक-दोन लाखांची असेल तर ती टोकन तरतूद आहे: शीर्ष, म्हणजे लेख्यातलं त्या कामाचं खातं, जिवंत राहावं एवढ्यासाठी ठेवलेली, त्यातून डांबर पडत नाही. तरतूद भरघोस असेल तर माहिती अधिकारात तीनच गोष्टी मागा. त्या कामाला प्रशासकीय मंजुरी कधी मिळाली, तिन्ही वर्षांत त्या शीर्षातून वर्गीकरणानं किती रक्कम कुठे गेली, आणि जागेचा ताबा आहे का. "रस्ता का झाला नाही" असं विचारू नका; "का"ला माहिती अधिकारात उत्तर देत नाहीत, अर्ज परत येतो. वर्गीकरणाच्या ठरावाची प्रत मात्र द्यावीच लागते. ती मिळाली की तुमच्या रस्त्याचे पैसे कुठल्या चौकातल्या कामाला गेले ते नावानिशी दिसेल. ताबा नसल्याचं उत्तर आलं तर मात्र हा सगळा पैशांचा हिशेब बाजूला ठेवा आणि भूसंपादनाच्या फाइलमागे लागा.